कासाबाईच्या कोपरावरून

मित्रांनो म्हणतोय खरा, पण तुम्ही माझे मित्र नाही. मी एक जुना जंतू आहे, झरीच्या कासाबाईच्या डाव्या कोपरावरचा. जंतू म्हटलं की तुम्ही लगेच साबण शोधता. आमची एकेक पिढी काही तासांत संपते, पण घराणं एकच, म्हणून सगळ्यांच्या वतीनं मीच बोलतो.

तिचा घाम आणि कातडीचं तेल खाऊन आम्ही राहायचो. उपद्रवी जंतूंना तिथं पाय रोवू द्यायचो नाही. पन्नास वर्षं हे काम केलं, कुणी शाबासकी दिली नाही. मग तिला सोरायसिस झाला. कातडी भराभर वाढू लागली, लाल चट्टे पडले, पांढरे पापुद्रे सुटू लागले. आमचं घर रोज गळून पडायचं. त्या गोंधळात उपद्रव्यांनी जागा बळकावली.

त्याच सुमारास कासाबाईला नातू झाला. तिची सून, दैवशाला नाव तिचं, पहिल्याच दिवशी म्हणाली, "आत्याबाई, लेकराला हात लावू नका. लागंल त्याला." नातवाला तेल लावून न्हाऊ घालायचं कासाबाईनं किती दिवस मनात धरलं होतं. आता ती दारातून बघायची. तेव्हापासून दैवशाला मला डोळ्यासमोर नको वाटते.

कासाबाईचा नवरा येडबा तर सुनेहून शहाणा. मेंढ्यांच्या गोचिडांचं औषध बादलीत कालवून त्यानं बायकोचं कोपर धुतलं. "मेंढरायला चालतंय, तुला काय होतंय?" कातडी भाजली. माझं निम्मं घराणं त्या बादलीत मेलं.

शेवटी परभणीच्या पद्मजा डॉक्टरांनी मलम दिलं. "पातळ लावायचं, मी सांगितलं तेवढेच दिवस. आणि मावशी, हा आजार कुणाला लागत नाही." मलमाचाही मला रागच आला. न विचारता घरात शिरणारं ते. पण खोटं कशाला बोलू? सूज उतरली, कातडी थाऱ्यावर आली, उपद्रवी कमी झाले आणि आमची वस्ती पुन्हा भरू लागली. पहिल्यासारखी अजून नाही.

दैवशालाचं मात्र एकच, "डागदरनीचं काय जातंय सांगायला?"

परवा ती पाणी भरायला गेली आणि बाळ रडू लागलं. कासाबाई हात पाठीमागे धरून वाकली, पण किती वेळ धरणार? शेवटी हात पुढं आलाच. बाळानं तिचं कोपर मुठीत घट्ट पकडलं. दैवशाला धावत आली, मूठ सोडवली आणि पदरानं खसाखसा पुसली. कासाबाई बाहेर गेली.

तर मित्रांनो, गोचिडाचं औषध माणसाला लावू नका, आणि मलम सांगितलं तेवढंच लावा. राहिली ती मूठ. पदरानं पुसून आम्ही जात नसतो. बाळाकडे रोग गेला नाही, आम्ही गेलो. माझी चार पोरं तिथं कामाला लागली आहेत. ज्या कोपराची दैवशालाला किळस येते, त्याच कोपराचे राखणदार तिच्या लेकराला राखतायत. मला दैवशालाशी बोलता येत नाही. तुम्ही सांगा तिला, पण कासाबाईसमोर सांगा.