कोंबड्यांचं डालगं नव्हे, वादळाचा बावटा

देवीला एकदा विचारलं की तेच पुन्हा विचारायचं नाही, असा नेम मथुरेनं कधीकाळी धरला होता. तेवढी एक बाई सोडली, तर या बंदरावर मला कुणाचं कौतुक नाही.

मी रत्नागिरी बंदरावरचा बावटा बोलतोय. वेताचा सांगाडा, त्यावर काळं किंतान, वर निमुळता. म्हणून इथले शहाणे मला कोंबड्यांचं डालगं म्हणतात. म्हणोत! लंकेकडच्या समुद्रात कुणा परक्या आगबोटीला वादळ दिसतं, निरोप मुंबईला जातो, तिथून इथं तार येते, आणि शिपाई रावजी मला खांबावर चढवतो.

मस्कतचा नाखवा मान वर करतो, नांगर टाकतो आणि खजूर खात बसतो. विलायती कप्तान दुर्बिणीतून बघतो, तोही थांबतो. आमच्यांचं मात्र एका उत्तरानं भागत नाही. आधी मला बघतील, मग गुरवाला गाठतील, मग मुंबईकराच्या ट्रंकेत अंथरलेलं वर्तमानपत्र काढतील. ‘हवा स्वच्छ’ दिसलं की खूश. तारीख कोण बघतो?

एका वैशाखात मथुरेच्या नवऱ्याला, धाकू तांडेलाला, मोसमातली शेवटची खेप न्यायची होती. मचव्यावर त्यांचा लेक लवूही जाणार होता. मी वर चढलेला. धाकू मला हसला आणि देवळात गेला. कौल डावा पडला, म्हणजे देवीचा नकार. प्रश्नच नीट घातला नाही, म्हणून तो गुरवावर उखडला. दुसराही डावाच. तिसरा उजवा पडला, तसा नारळ फोडून धक्क्यावर आला.

मथुरेनं सगळ्यांदेखत लवूचं गाठोडं मचव्यातून उचललं.

“पयला कौल देवीनं दिलान. मग हा तिसरा कोणी दिलान?”

“बायकांना समुद्रातलं काय कळतंय?”

“कळत नाय म्हणून तर इचारते. तुमी इचारता नि आयकत नाय.”

धाकू पुटपुटत राहिला, पण शीड उभारलं नाही.

दुसऱ्या दिवशी लाटांनी धक्क्याचे दगड उखडले. आणि धाकू? आजही चहाच्या दुकानात सांगत असतो, “वारं मी नाकानं वळखलं.” मथुरा बाहेरून जाते, ऐकते, पदर सावरते.

आता माझं किंतान फाटलंय. तरी रावजी मला चढवतो आणि खालून कुणीतरी हसतंच. हसणाऱ्यांपुढं मी काय बोलू? पण तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, म्हणून सांगतो. मथुरेसारखा नेम तुम्हीही धरा. देवाला विचारा, तारेला विचारा, जाणत्याला विचारा. पण एकदाच विचारा, आणि नावडतं उत्तर आलं, तरी त्याला उत्तरच म्हणा.