चढाला येणारा वास

मुंबईच्या दवाखान्यातल्या चौथ्या वेळच्या औषधानंतर सकुबाईनं नवऱ्याला सांगून टाकलं, "मी आता ह्या गाडीत बसनार नाय."

कोंडू पिकअपच्या हौद्यातून काकडीचे रिकामे क्रेट उतरवत होता. "मग मुंबईला चालत जाशील?"

"सुईचं मला काय वाटत नाय. पन डिझेलच्या वासानं आतडी तोंडाशी येतात."

कोंडूनं केबिनमध्ये डोकं घालून हुंगलं. त्याला काहीच जाणवलं नाही. इतकी वर्षं तो डोळखांबचा भाजीपाला कल्याणच्या मार्केटला पोचवत होता. डिझेल त्याच्या कपड्यांत, हातांत मुरलेलं. तरी बायकोसाठी त्यानं केबिन धुऊन काढली, टाकीचं झाकण नवीन बसवलं, आरशाला लिंबू बांधलं.

मुलगी हर्षाली वाशिंदला कंपनीत कामाला होती. ती म्हणाली, "बाबा, गाडीचं काय नाय. पोटातल्या गाठीवर जे औषध देतात ना, त्यानं असं होतं. आई तर भातालापन वास येतो म्हनते."

कोंडूला ते पटलं. त्यानं शोधणं सोडून दिलं.

पुढच्या तारखेला सकुबाई मुकाट्यानं गाडीत बसली. शहापूरच्या वाटेवर पहिला चढ लागला आणि तिनं दार उघडून रस्त्यावर ओकायला सुरुवात केली. पोटात काही नव्हतंच, नुसतं पित्त पडत होतं. दाराला लटकून ती म्हणाली, "पाया पडते, मागं फिरवा."

त्यानं गाडी फिरवली. ती तारीख चुकली.

दुसऱ्या दिवशी कोंडू शहापूरला मनोजच्या गॅरेजवर गेला. मनोजनं बॉनेट उघडलं, गाडीखाली सरपटत जाऊन बॅटरीचा उजेड मारला, टाकीपासून फिल्टरपर्यंत हात फिरवला. "मामा, कुठंच ओलं नाय."

"तेच तर. तिच्या डोक्यात बसलंय."

मनोज हात पुसत उठला. "वास मावशीला येतो ना? मग तिलाच इचारू. लावा फोन."

स्पीकरवर सकुबाईचा आवाज बारीक येत होता. मनोजनं विचारलं, "मावशी, बसल्या बसल्या वास येतो का?"

"नाय रे. सपाटीला नाय येत. चढाला लागली का येतो, उताराला कमी होतो. आनि खिडकीतून नाय, माझ्या पायाकडून येतो."

"हे मामांना नाय सांगितलं?"

"इचारलं कुनी?"

कोंडूनं फोन खिशात टाकला.

मनोजनं इंजिन धुतलं, हवा मारून खडखडीत वाळवलं आणि त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. हौद्यात सिमेंटच्या गोणी टाकून दोघांनी गाडी चढावर नेली, जोर देऊन वर काढली. वर पोचताच मनोजनं बॉनेट उचललं. पांढऱ्या पावडरीत एक काळपट ओघळ उतरला होता.

"हा बघा." इंजिनातलं उरलेलं डिझेल टाकीकडं परत नेणारा तो बारीक रबरी पाइप. त्याला केसाएवढी चीर गेली होती. गाडीवर जोर आला की चीर उघडायची, थेंब तापलेल्या इंजिनावर पडायचे आणि तिथंच त्यांची वाफ व्हायची. म्हणून जमिनीवर डाग नाही, थंड गाडीत ओल नाही. वायरी जिथून केबिनमध्ये शिरतात तिथलं रबरी बूचही निसटलेलं होतं. ते भोक बरोबर सकुबाईच्या पायांपाशी.

मनोजनं पाइप बदलला, नव्या क्लिपा आवळल्या, बूच बसवलं. परत पावडर मारून गाडी चढवली. पावडर कोरडी राहिली. कोंडूनं तरी बोट फिरवून बघितलं.

"तिला खरंच येत होता रे," तो म्हणाला.

नवीन तारीख मिळाली. चढ आला तेव्हा सकुबाईनं पदर नाकाशी धरला. माथ्यावर पोचल्यावर तिनं तो हळूच काढला. "नाय येत." मग खिडकीला डोकं टेकून तिला झोप लागली. भरलेली घागर न्यावी तशी कोंडूनं गाडी मुंबईपर्यंत नेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोटाचे नवे फोटो बघितले आणि कोंडूला बाहेर बोलावलं. आता औषधाचा उपयोग नव्हता. घरी न्या, म्हणाले, आवडेल ते खाऊ घाला.

"साहेब, मधली एक तारीख चुकली. त्यानं झालं का?"

"नाही. ते आधीच पसरलं होतं."

कोंडूनं मान हलवली. पण ते 'नाही' त्याच्या आत कुठं टेकलं नाही.

कोंडूचं तोंड बघूनच सकुबाईला कळलं. परतताना वाशिंद मागं पडल्यावर ती म्हणाली, "घरी नको. माहेरी धाऊदादाकडं सोडा मला, मुरबाडला."

"किती दिस?"

"ऱ्हाईन जमंल तेवढं."

त्यानं किन्हवलीच्या रस्त्याला गाडी वळवली. वळण सरल्यावर म्हणाला, "मी तुझं ऐकलं नाय गो."

"ऐकलं नाय, पन शोधलं तर खरं," ती म्हणाली आणि त्याच्या हातावर हात ठेवला. गिअर टाकायचा होता, तरी त्यानं हात काढून घेतला नाही. इंजिन धडधडत राहिलं.

भावाच्या घरी वहिनीनं नाचणीची भाकरी आणि सुकट केली. सकुबाईनं चतकोर खाल्ली. पुढं रोज मार्केट आटपून कोंडू मुरबाडला जायचा. ती ओटीवर उन्हात बसलेली असायची. कधी बोलायची, कधी त्याच्याकडं नुसतं बघायची.

एका सकाळी कल्याणला भेंडी उतरवताना धाऊचा फोन आला. धाऊ नुसता रडत होता. कोंडूला कळलं. त्यानं उरलेला माल तसाच एका ओळखीच्या गाळ्यावर ठेवला.

मुरबाडला पोचल्यावर हौदा त्यानं स्वतः धुतला, पेंढा अंथरला, त्यावर तिची गोधडी घातली. तिला घेऊन निघाले तेव्हा मागं हर्षाली आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी धाऊ. वाटेत कुणी घाई केली नाही. मागून येणाऱ्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, त्याही मग पुढं निघून गेल्या.

घरच्या अंगणात सगळा पाडा जमला होता. कोंडूनं गाडी थांबवली, चावी काढली, पण तो उतरेना. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. बायका रडायला लागल्या, माणसं हौद्याकडं सरकली. शेवटी धाऊनं येऊन दार उघडलं.

"भावजी, उतरा," तो म्हणाला. "तुमच्याबिगर तिला कोन उचलनार?"