पॉवर स्टिअरिंगचा पाइप का फुटला

गाडी गळत होती, ते एक वेळ चाललं असतं. पण ती माझ्यामुळे गळते असं सुरेंद्रचं म्हणणं होतं, आणि ते काही माझ्या पचनी पडत नव्हतं.

गाडी जुनी आहे, मान्य. तिचा मूळ रंग कोणता होता यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. पण पिंपळे गुरवहून चाकणच्या शाळेत शिकवायला मी रोज हिच्यातूनच जाते. चाळिशी उलटल्यावर हिच्यावरच शिकले. दुसरी कुठली गाडी मला धड चालवता येत नाही आणि शिकायची हौसही नाही. तर हिच्या पॉवर स्टिअरिंगचा पाइप गेल्या हिवाळ्यात फुटला. तो बदलून घेतला. यंदा दिवाळी झाली आणि पार्किंगच्या फरशीवर पुन्हा तांबडं तेल दिसायला लागलं. स्टिअरिंग इतकं जड झालं की नाशिक फाट्याला वळेपर्यंत माझे खांदे भरून येत.

"तुझी सवय आहे, मृदुला," सुरेंद्र म्हणाला. "स्टिअरिंग फुल वळवतेस आणि तसंच धरून ठेवतेस. प्रेशर चढतं, पाइप फुटतो."

माझा नवरा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. काही बिघडलं की 'का?' विचारत मुळाशी जायचं हे त्याचं काम. कंपनीत ते मूळ बहुतेक वेळा मशीनवरच्या माणसापाशी सापडतं. घरात मशीनवरचा माणूस मीच. त्यामुळे साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या तरी तपास माझ्यापाशीच येऊन थांबतो.

"पाइप आता मिळतही नाही," तो म्हणाला. "विकून टाकू. दिघीचे एक गृहस्थ रविवारी संध्याकाळी बघायला येतायत. नवी ऑटोमॅटिक घेऊ. मीच सोडत जाईन तुला."

मी सोडत जाईन म्हणे! म्हणजे याची मीटिंग संपेपर्यंत मी शाळेच्या फाटकात पर्स सांभाळत उभी. कुणाला न विचारता, कुणाची वाट न बघता निघता येतं, एवढंच एक सुख मी स्वतःच्या हिमतीवर मिळवलं होतं. तेच जाणार म्हटल्यावर मला भीती वाटली. आणि भीती वाटली की मला राग येतो.

रविवारी सकाळी गाडी काढली, बाटलीभर तेल ओतलं आणि दात-ओठ खात कुरुळी गाठली. तिथे रस्त्याला लागूनच ज्योतीरामचं दुकान आहे. जेसीबीचे, कंपन्यांतल्या प्रेसचे तेलाचे पाइप तो बनवून देतो. येता-जाता पाटी वाचलेली होती.

"पाइप मिळत नाही म्हणतात," मी म्हणाले.

"मिळत नसंल तर बनवू की, ताई." ज्योतीराम लातूरकडचा, बोलणं निवांत. "मोठाल्या प्रेसचे पाइप हितंच करायलोय. तुमच्या गाडीचं काय घेऊन बसलात? फक्त जुना न कापता काढावा लागंल. टोकांचा बाक जसाच्या तसा पायजे, न्हाईतर नवा बसतच न्हाई."

मागच्या मेकॅनिकने जुना पाइप कापून भंगारात फेकला होता. ज्योतीराम मात्र गाडीखाली सरकला. गंजलेल्या नटाची त्याने आधी समजूत घातली, मग आईबहीण काढली, मग माझ्याकडे बघून "सॉरी ताई" म्हणाला. पाइप अख्खा बाहेर आला.

"तुमी पुसा तवर, मी नवी नळी मापाला घेतो."

पुसता पुसता चिंधी अडकली. पाइपाभोवती सळया बांधायच्या बाइंडिंग वायरचे वेढे होते, पार रबरात रुतलेले. त्यांच्याखालीच पाइप कापला गेला होता. वायरच्या पिळात झेंडूची एक सुकलेली पाकळी होती.

"ही वायर गाडीचीच का हो?"

"गाडीत बाइंडिंग वायर कुठनं येईल? कुणीतरी बांधल्याली हाय. इंजिन हाललं की ती रबर कापत जाती."

"आणि स्टिअरिंग फुल धरून ठेवल्यानं?"

"ते धरू नयेच. पण ह्यो त्यानं न्हाई फुटला."

झेंडू म्हणजे दसरा. दसऱ्याला मी वर पुऱ्या तळत असते आणि गाडीची पूजा सुरेंद्र खाली एकटाच उरकतो. खंडेनवमीला कंपनीत मशीनला हार घालतात, ते घट्ट राहावेत म्हणून बाइंडिंग वायरने आवळतात. म्हणजे मागचाही पाइप यानेच मारला असणार! नवा पाइप बसेपर्यंत दुपार टळली; तेल भरलं, स्टिअरिंग एका बोटाने फिरायला लागलं. परतताना अख्ख्या वाटेत मी भाषणाची तालीम केली.

घरी सुरेंद्र पेपर वाचत होता. जुना पाइप मी त्या पेपरावरच ठेवला. त्याने तो उजेडात धरून फिरवून पाहिला.

"वायर मी बांधली," तो म्हणाला.

"का?"

"इंजिनाला हार घालतो ना."

"घरात दोरा नव्हता?"

"दोरा तुटतो. हार पडतो."

"दसरा झाल्यावर पडेना का! तुला काय करायचंय?"

त्याने वायरच्या पिळातली पाकळी नखाने सोडवली. मग पाइपाकडे बघतच बोलला, "मोशीच्या पुढे ते ट्रेलर कसे अंगावर येतात. तू एकटी असतेस. पुढचा हार गाडीचा असतो. आतला मी तुझ्यासाठी घालतो. तो वाटेत पडायला नको वाटतं."

तालीम केलेलं भाषण गेलं वाया. राग गेला नाही, पण गलबलून आलं हेही खरं.

"मग हे तोंडाने सांगायचं!" मी म्हणाले. "त्या बिचाऱ्या पाइपाचा गळा कशाला आवळलास?"

तेवढ्यात बेल वाजली. हातात हेल्मेट घेऊन दिघीचे गृहस्थ दारात उभे. सुरेंद्र उठला.

"माफ करा, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. गाडी द्यायची नाही."

"का हो, काही फॉल्ट निघाला?"

"निघाला," सुरेंद्र म्हणाला. "पण तो माझा. गाडी मिसेस चालवतात, आणि त्या चांगली चालवतात."

इतक्या वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि ऐकायला साक्षीदारही हजर होता. त्या गृहस्थांना मी चहा-पोहे घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही.