एका पातेल्याला एकच जीभ

आमच्या मंडळाच्या जेवणाला स्वयंपाक करणाऱ्या बायकांना सगळे विचारतात, जेवण कसं झालं? अरे, मला विचारा. भांडी घासायला मी असते, ताटं माझ्याकडे येतात. कोणी काय खाल्लं आणि काय टाकलं, हे माझ्याआधी कोणाला कळणार?

आज पहिली ताटं आली आणि मी घासणी खाली ठेवली. भात खाल्लेला, पाव खाल्लेला, काकडीसुद्धा संपवलेली. बटाट्याचा रस्सा मात्र जिथल्या तिथे. मी पातेल्यातल्या डावातून थेंबभर तळहातावर घेऊन चाटला. मीठच मीठ! जेवायला आलेले सगळे एकटे राहणारे म्हातारे-म्हाताऱ्या. फुकटच्या जेवणाला नावं कशी ठेवायची म्हणून बिचारे पाणी पीत बसले होते.

रस्सा माझ्या मोठ्या जाऊबाईंचा. मी त्यांना ताई म्हणते. आमच्या मंडळात नियम आहे, एका पातेल्याला एकच जीभ. जिच्या हाती डाव, तिनेच चव घ्यायची, दुसरीने चमचासुद्धा बुडवायचा नाही. दोघींनी चव घेतली की दोघी मीठ घालतात, असं जुन्या बायका म्हणायच्या. ताईंच्या पातेल्यात डोकावायची तर कोणाची छातीच नव्हती. त्यांचा रस्सा खायला माणसं काठी टेकत यायची.

पण गेल्या वेळीही असंच खारट झालं होतं. मंडळ चालवणारे मास्तर तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "वहिनी, पुन्हा असं झालं तर शेगडीपाशी आपल्याला पाव देणाऱ्या बेकरीवालीला उभं करावं लागेल. तुम्हीच सांगा त्यांना समजावून." मी काय सांगणार, कप्पाळ? भाऊजी गेल्यापासून ताई घरात शेगडीकडे फिरकत नाहीत. मी वाढते ते मुकाट्याने खातात. बरं झालंय म्हणत नाहीत, वाईट झालंय म्हणत नाहीत. दिवसभर खिडकीपाशी बसलेल्या असतात. मंडळाचं जेवण आलं की मात्र आदल्या दिवसापासून सुऱ्यांना धार लावतात, मला दोन शब्द सुनावतात. तेवढ्यापुरती माझी जुनी जाऊ मला परत मिळते. ती शेगडी मी बेकरीवालीला देऊ?

म्हाताऱ्यांचं आटोपलं की मंडळाची माणसं जेवायला बसतात. म्हणजे मास्तर रस्सा खाणार होते. ताई बाहेर एका आजींशी बोलत उभ्या होत्या. मी मागचापुढचा विचार केला नाही. पातेलं उचललं, मोरीत ओतलं आणि नळ सोडला. बटाटे खरकट्याच्या बादलीत तळाशी ढकलले, वर भाज्यांची सालं पसरली. ताटांतलंही निपटून त्यातच घातलं. एवढं अन्न वाया! सासूबाई असत्या तर मला उभी चिरली असती.

मास्तर आत आले. "रस्सा कुठाय?"

"संपला," मी पातेलं घासत म्हटलं. "चाटूनपुसून खाल्ला लोकांनी. तुम्ही आता भात आणि पाव खा. उशिरा येणाऱ्याला तेवढंच मिळतं."

मास्तर खूश झाले. "म्हणजे ताईंचा हात परत बसला म्हणायचा." आणि ते बाहेर सगळ्यांना सांगत सुटले. मला हायसं वाटलं. जन्मभर लोकांना तोंडावर खरं ऐकवणारी मी, आज पहिल्यांदा कोणासाठी तरी गोड खोटं बोलले होते, आणि ते पचलंही होतं.

मग ताई आत आल्या. रिकाम्या पातेल्याकडे त्यांनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फळीवरून एक झाकलेली वाटी काढली. वाढायला घ्यायच्या आधीच त्यांनी ती बाजूला ठेवली होती.

"हात धू. खा."

"नंतर खाते, ताई."

"आत्ता खा. आणि सांग."

मी खाल्लं. जिभेला चटका बसावा तसं मीठ लागलं. चेहरा हलू दिला नाही. "छान झालाय," मी म्हटलं. "नेहमीसारखा."

"बरं," ताई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. "मला चव लागत नाही गं. हे गेल्यापासून कशाचीच लागत नाही. गेल्या वेळी सगळ्यांना विचारलं, सगळे छान म्हणाले. म्हटलं, तू फटकळ आहेस, तू तरी मला खरं सांगशील. म्हणून वाटी ठेवली होती."

माझं तोंड इतकं खारट झालं होतं की मी नळाखाली ओंजळ धरली आणि घटाघटा पाणी प्यायले. पिऊन होईपर्यंत ताई माझ्याकडे बघत होत्या.

त्या उठल्या. ॲप्रन सोडून त्याची नीट घडी घातली आणि बाहेर गेल्या.

"मास्तर, पुढच्या वेळी बेकरीवालीला सांगा. मी थांबते."

"अहो, आज तर पातेलं रिकामं झालं!"

"झालं ना?" ताई म्हणाल्या. "मग चांगल्यावर थांबलेलं बरं."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मी आत साबणाच्या पाण्यात हात बुडवून रडत होते. वाटीतला उरलेला रस्सा मला टाकवेना. उभ्या उभ्या मी तो सगळा संपवला.