मूळ प्रत. दुकानाबाहेर नेऊ नये

मित्रांनो, मी एक जुनी प्रत आहे. संख्याशास्त्राच्या एका पुस्तकाची अगदी पहिली प्रत. माझ्या पाठीला तारेचे वेटोळे आहे, मुखपृष्ठावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे आणि समासात जागा मिळेल तिथे पेन्सिलीने लिहिलेले आहे. कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचे एक दुकान आहे. तिथल्या मोठ्या यंत्राच्या वर, खिळ्याला मी टांगलेली असते. माझ्यावर दुकानाच्या काकांनी लाल शाईने लिहून ठेवले आहे, 'मूळ प्रत. दुकानाबाहेर नेऊ नये.' ती आज्ञा मी, एक अपवाद सोडता, आजवर पाळली. ज्यांनी मला जन्म दिला, त्यांनीच ती पाळली नाही. हे मी रागाने सांगते आहे आणि राग लपवणारही नाही.

माझा जन्म कसा झाला ते ऐका. समोरच्या कॉलेजात एक बाई संख्याशास्त्र शिकवीत. तेव्हा नेमलेले पुस्तक इतके महाग होते की अर्धा वर्ग पुस्तकाविनाच बसे. बरे, थोरल्या बहिणीचे जुने पुस्तक धाकटीने वापरावे, तर दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती येई. नवी म्हणजे काय, तर उदाहरणांचे क्रमांक पुढेमागे केलेले. वर्गात सातवे उदाहरण चाललेले असे आणि धाकटीच्या पुस्तकात सातव्या जागी भलतेच काहीतरी. जुने पुस्तक कोणाच्या कामी येऊ नये म्हणूनच ही सारी खटपट होती.

बाईंनी कंबर कसली. तीन वर्षांच्या तीन सुट्ट्या घरात बसून त्यांनी मला लिहून काढले. माझ्या दुसऱ्या पानावर त्यांनी लिहिले, 'हे पुस्तक कोणीही वाचावे, छापावे, वाटावे, त्यात बदल करावेत. कोणाची परवानगी लागणार नाही. दिलेली मुभा परत घेतली जाणार नाही.' कॉलेजच्या संगणकावर त्यांनी मला सर्वांसाठी खुले ठेवले आणि छापील प्रत काकांच्या हाती दिली. काका कागदाचे आणि शाईचे तेवढे घेत. दुसऱ्या पानाचा मला भारी तोरा होता. इतर पुस्तकांच्या दुसऱ्या पानावर धमक्या असतात, माझ्या पानावर आमंत्रण होते.

बाईंनी आणखी एक पद्धत पाडली. काकांच्या टेबलावर त्यांनी पेपरमिंटच्या गोळ्यांची बरणी ठेवली. माझ्यात ज्याला चूक सापडेल त्याने ती समासात पेन्सिलीने लिहायची, खाली सही करायची आणि एक गोळी घ्यायची. काकांना संख्याशास्त्रातले ओ की ठो कळत नसे, त्यामुळे सही दिसली की ते बरणी पुढे करीत. काही पोरे गोळीसाठी धडधडीत खोट्या चुका लिहून जात. बाई त्याखाली लिहीत, 'मूळचेच बरोबर आहे. गोळी पचली असेल अशी आशा.' दर सुट्टीत बाई दुकानातल्या स्टुलावर बसून समासातल्या सगळ्या दुरुस्त्या आपल्या संगणकात उतरवून घेत. तोवरही काम अडत नसे, कारण काका प्रती काढीत त्या माझ्यावरून, आणि पेन्सिलीच्या दुरुस्त्या प्रत्येक प्रतीत आपोआप उमटत. मित्रांनो, मी अशी पाच वर्षे शेकडो हातांनी सुधारत गेले.

शेजारच्याच गाळ्यात एक टेलरताई होती. शाळा सुटल्यावर तिचे शिक्षणही सुटले होते. अलीकडे सुईत दोरा ओवताना तिच्या डोळ्यांतून पाणी येई. डॉक्टरांनी बजावले होते, की हे बारीक काम फार तर तीन-चार वर्षे. कपडे बेतण्याच्या कागदी नमुन्यांच्या प्रती काढायला ती काकांकडे आली, की यंत्र गरम होईपर्यंत मला खिळ्यावरून काढून चाळत बसे. आधी चित्रे पाहिली, मग उदाहरणे. एके दिवशी ती एकशे बाराव्या पानावर थबकली. तिथे उदाहरण होते : डब्यात बारा लाल, अठरा पांढरी आणि दहा काळी बटणे आहेत. न बघता एक बटण काढले, तर ते काळे नसण्याची शक्यता किती? खाली उत्तर छापले होते, एक चतुर्थांश.

"काका, हे कसं काय?" ती म्हणाली. "चाळीस बटणं. काळी दहाच. मग काळं नसलेलं निघायला पाऊण डबा आहे की! यांनी पाव लिहिलंय."

"मला काय विचारतेस? लिही आणि सही कर," काका म्हणाले.

तिने लिहिले, 'उत्तर पाऊण हवे. पाव नव्हे.' सही केली, गोळी तोंडात टाकली आणि स्वतःशीच हसली. "म्हणजे मला येतंय की हे."

मग ती रोज येऊ लागली. एकेक प्रकरण वाचून संपवू लागली. शेवटी एक दिवस म्हणाली, "काका, पुढच्या वर्षी मी कॉलेजात नाव घालतेय. दवाखान्यात नोंदी ठेवायची नोकरी आहे, तिला हा विषय पास लागतो. डोळे जायच्या आत सुई सोडायचीय मला."

त्या दिवशी मला जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटले.

माझे कौतुकही झाले. कॉलेजच्या समारंभात प्राचार्यांनी मला उंच धरून दाखवले. काका मला स्वतः छातीशी धरून फाटकाच्या आत घेऊन गेले होते. माझे दुकानाबाहेर जाणे ते एवढेच. प्राचार्य म्हणाले, "कॉलेजचा एक पैसाही खर्च न होता हे पुस्तक तयार झालं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंच्या तीन सुट्ट्यांबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

पुढे बाईंनी प्राचार्यांकडे अर्ज केला, की पुस्तक ताजे ठेवायला आठवड्यातले दोन तास मोकळे द्या. तिथे काय झाले ते त्यांनी दुकानात येऊन काकांना सांगितले, म्हणून मला कळले.

"काय म्हणाले माहितीये? 'फुकटच्या पुस्तकाला कसला आलाय खर्च?' उलट आणखी एक वर्ग गळ्यात घातला माझ्या."

त्या सुट्टीत बाई आल्या नाहीत. स्टूल रिकामे राहिले. बरणीतल्या गोळ्या संपल्या, त्या काकांनी आपल्या खिशातून भरल्या. समास भरत गेले, पण उतरवून घ्यायला कोणी नव्हते. टेलरताईची दुरुस्तीही तशीच पेन्सिलीत राहिली. बाई दमल्या असतील, असे मी मनाला समजावत राहिले. आईबद्दल दुसरे काय मनात आणणार?

टेलरताईने खरोखरच नाव घातले. पहिल्याच दिवशी पुस्तकांची यादी घेऊन ती दुकानात आली. काकांनी संख्याशास्त्राची ओळ वाचली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली. तिथे मी नव्हते. दुसरेच एक जाडजूड, चकचकीत पुस्तक नेमले होते. त्याच्यासोबत एक कार्ड मिळे आणि कार्डावर खरवडून काढायचा आकडा असे. त्या आकड्याशिवाय संगणकावर गृहपाठ सोडवता येत नसे आणि गृहपाठाला वीस गुण होते. आकडा एकाच विद्यार्थ्याचा, तोही सहा महिन्यांपुरता. आता थोरलीचे पुस्तक धाकटीला देण्याचा प्रश्नच मिटला होता.

ताईने कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनसाठी साठवलेले पैसे काढले आणि ते पुस्तक घेतले. खिळ्यावरून मला तिच्या काखेतल्या त्या पुस्तकाची पाठच तेवढी दिसे. माझ्यावर धूळ बसू लागली. काका अधूनमधून फडके मारीत, पण प्रत मागायला कोणी येत नसे. फुकट मिळणाऱ्या पुस्तकाला ज्याने त्याने नाक मुरडले असते तर मला चालले असते. मला कोणी नको म्हटलेच नव्हते. माझे नुसते दार बंद केले होते.

सहा महिन्यांनी, भर दुपारी, ताई तणतणत दुकानात शिरली. हातात ते चकचकीत पुस्तक होते. गृहपाठात पास व्हायला वीसपैकी आठ गुण लागत. तिला सात पडले होते. दिवसभर शिवून, गाळा बंद केल्यावर कॉलेजच्या संगणकासमोर बसून मिळवलेले सात.

"काका, ती मूळ प्रत काढा."

तिने मला टेबलावर उघडले आणि शेजारी ते पुस्तक उघडले. मित्रांनो, मला धक्काच बसला. डबा तोच. बारा लाल, अठरा पांढरी, दहा काळी. वाक्येही माझीच, एकही शब्द न हललेली. आणि खाली उत्तर, एक चतुर्थांश. ताईने संगणकावर पाऊण लिहिले होते, संगणकाने ते चूक ठरवले होते आणि तिचा आठवा गुण तिथेच गेला होता. काकांनी त्या पुस्तकाचे दुसरे पान उलटले. तिथले आमंत्रण गेले होते. 'सर्व हक्क राखीव' एवढेच तिथे छापले होते. आणि मुखपृष्ठावर, सोनेरी अक्षरात, आमच्या बाईंचे नाव होते.

परक्याने लुबाडले असते तर मी त्याला शिव्या देऊन मोकळी झाले असते. इथे केसाने गळा कापला होता, आणि तोही आईने.

काकांनी फोन केला. बाई आल्या. टेबलावर आम्हा दोघींना शेजारी शेजारी पाहून त्या दारातच थांबल्या.

"बाई, हे तुमचंच ना? नाव पाहून मला वाटलं होतं, नवं लिहिलंत," ताई म्हणाली.

"माझंच आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "प्रकाशक आले होते. म्हणाले, आमची पाच माणसं चुका काढतील, गृहपाठ संगणक तपासेल, तुम्ही फक्त फाईल द्या. दीडशे वह्या होत्या हो माझ्यापुढे. दोन तास मागितले तर हसले मला. मी थकले होते, ताई."

"थकलात ते पटतं मला. पण यातल्या निम्म्या चुका पोरांनी काढल्यात. सह्या आहेत त्यांच्या. ते विकताना एकदा इथे येऊन विचारायचं तरी."

"मी जुनी फाईल दिली. समास उतरवून घ्यायला वेळच..." काय करावे ते न सुचून बाईंनी बरणी उघडली आणि एक गोळी ताईपुढे धरली.

ताईने हात मागे घेतला. "नको बाई. या चुकीची गोळी मी मागेच खाल्लीये."

बाईंनी गोळी परत बरणीत टाकली आणि तिथेच उभ्या राहून प्रकाशकांना पत्र लिहिले. उत्तर चुकले आहे, चूक माझी आहे, या विद्यार्थिनीला तिचा गुण द्यावा. काकांनी त्याची प्रत काढली, एक कॉलेजला गेली. आठ दिवसांनी उत्तर आले. 'आभारी आहोत. पुढील आवृत्तीत दुरुस्ती केली जाईल.' कॉलेज म्हणाले, गुण संगणकाचे आहेत, आम्ही काय करणार? ताईचे सात सातच राहिले. तिचा आकडाही संपला. पुन्हा बसायचे तर पुढच्या वर्षी, आणि पुन्हा नवे पुस्तक, नवे कार्ड.

बाईंनी मात्र एक गोष्ट केली. आपल्या वर्गाचा गृहपाठ वहीवर घेईन आणि मीच तपासेन, असे त्यांनी प्राचार्यांना लिहून दिले. एका वर्षापुरती परवानगी मिळाली. कॉलेजच्या संगणकावरून त्यांनी मला प्रकाशकांशी केलेल्या करारामुळे केव्हाच काढून टाकले होते, पण दुसऱ्या पानावर दिलेला शब्द त्यांनाही परत घेता येत नव्हता. काका पुन्हा माझ्यावरून प्रती काढू लागले. शनिवारी बाई येतात, स्टुलावर बसतात आणि समास उतरवून घेतात. त्याचे त्यांना आजही कोणी काही देत नाही. मी त्यांना माफ केले का? अजून नाही. त्यांची बोटे पानावर फिरली की मला बरे वाटते, एवढे मात्र खरे.

टेलरताई बाईंच्या वर्गात पुन्हा पहिल्यापासून बसली आहे. तिचे एक वर्ष गेले, आणि डोळ्यांचेही. आता ती मला नाकाशी धरून वाचते.

मित्रांनो, तुम्हाला एखादे पुस्तक फुकट मिळाले तर ते जरूर घ्या. पण ते कोणाच्या सुट्ट्यांतून आले, हे विचारा. त्याची देखभाल कोण करते आहे, ते पाहा, आणि तो माणूस एकटा असेल तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. आमच्या बाईंच्या शेजारी कोणी बसले नाही, म्हणून मी विकली गेले.

कालच ताईने एकशे बारावे पान उघडले. तिची जुनी ओळ पुसट झाली होती. तिने पेन्सिलीला टोक केले, डोळे बारीक केले आणि त्याखाली पुन्हा लिहिले, 'उत्तर पाऊण हवे. दुसऱ्यांदा सांगते आहे.'

या चुकीची गोळी देऊन झाली होती; काकांनी बरणी पुढे केली नाही.