पाटीवरची गोडलीव्ह

चर्चसमोरच्या चौकात फ्राइजची दोन दुकानं आहेत आणि मधे माझं फुलांचं. त्यामुळे दोन्हीकडचं भांडण मला फुकटात ऐकायला मिळतं.

डावीकडचं दुकान फिर्मिनचं. पाटीवर नाव 'गोडलीव्हकडे'. गोडलीव्ह त्याची बायको, म्हणजे होती. तिनं तिथं वीसेक वर्षं बटाटे तळले, आधी मंद आचेवरच्या चरबीत, मग कडकडीत तापलेल्या चरबीत, आणि फिर्मिननं गल्ल्यावर बसून गप्पा हाणल्या. घटस्फोटानंतर तिनं उजवीकडचा गाळा भाड्यानं घेतला आणि तेच नाव लावलं. हा बाबा थेट कोर्टात! नावाची नोंदणी त्यानं स्वतःच्या नावावर करून ठेवली होती. गिऱ्हाइकांची गल्लत होते, पाटी उतरवा, असा निकाल लागला.

"अहो, माझं नाव आहे ते. आईनं ठेवलेलं," गोडलीव्ह न्यायाधीशबाईंना म्हणाली.

"घरात वापरा की. दुकानावर नाही."

गावातले लोक तिच्याकडे आले, पण गाव केवढंसं. खरी कमाई रविवारच्या सायकलवाल्यांची. ते बाहेरगावचे, पाटी बघून रांग लावणारे. उजवीकडे कोरी पाटी आणि रिकामी बाकं.

"जत्रेपर्यंत बघते," ती मला म्हणाली. "नाहीतर गाळा सोडते." फिर्मिनचा मला इतका संताप आला की त्याला फुलं विकणंच बंद केलं. तसाही तो कुणाला फुलं देत नव्हता.

त्यानं तळायला अनेलोर नावाची बाई ठेवली. सायकलवाले तिलाच गोडलीव्ह म्हणायचे.

"नुसतं हो म्हणायचं," फिर्मिन सांगायचा. "तुझं काय झिजतंय?"

जत्रेच्या रविवारी रांग माझ्या दारापर्यंत आली. एक जुना सायकलवाला दोन फ्राइज तोंडात टाकून, वर न बघताच ओरडला, "गोडलीव्ह, हात बिघडला गं तुझा!"

अनेलोरनं झारा खाली ठेवला. "माझा हात आहे तसाच आहे. मी अनेलोर. गोडलीव्ह ती, पलीकडे." एप्रन काढून तिनं गल्ल्यावर टाकला आणि माझ्या दारावरून तरातरा उजवीकडे गेली. अर्धी रांग तिच्यामागे. उरलेल्यांसाठी फिर्मिन तळायला उभा राहिला आणि पहिलाच घाणा त्यानं करपवला.

संध्याकाळी आम्ही तिघी बाकावर बसलो. गोडलीव्हचे बटाटे संपले होते.

"पण पुढच्या रविवारी? पाटीशिवाय नाही भागायचं," मी म्हटलं.

गोडलीव्ह अनेलोरकडे वळली. "तुझं नाव लावू? 'अनेलोरकडे'?"

"दुकान तुमचं आणि नाव माझं?"

"हो. पण नोंदणी तुझ्याच नावावर करायची, उद्याच्या उद्या."

"ते कशाला?"

"कधी आपलं बिनसलं, तर जाताना पाटी काढून घेऊन जा," गोडलीव्ह म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडली.