सावरगावच्या काठावर

अमृताने बोट आपटून चित्र थांबवले, मागे नेले आणि पुन्हा पाहिले. लॅपटॉपच्या पडद्यावर जाम नदीच्या सावरगावकडच्या काठावर, गर्दीपासून जरा बाजूला, तिचे वडील उभे होते. हातात दगड घेऊन.

तोच चौकटीचा शर्ट, तीच एक खांदा पाडून उभे राहायची सवय. मधुकर मास्तरांना पांढुर्ण्यात कोण ओळखत नाही? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीविरुद्ध दरवर्षी शाळेत पोटतिडकीने बोलणारा हा माणूस. त्या दिवशी सकाळच्या गाडीने ते नागपूरला जात आणि सगळे शांत झाले की परतत. निदान घरात सगळ्यांची तशी समजूत होती. आणि इथे ते दगड घेऊन उभे, तेही पलीकडे, स्वतःच्या गावाकडे तोंड करून.

अमृता हैदराबादला आजच्या जर्मन सिनेमावर पीएच.डी. करत होती. माणूस जिथे जन्मला तिथला की जिथे वाढला तिथला, हा प्रश्न विचारणारे सिनेमे तिने निवडले होते. सुट्टीला ती पांढुर्ण्याला घरी आली होती, आणि हा सिनेमा गाइडने कालच पाठवला होता. भारतात जन्मलेल्या आणि हॅम्बुर्गच्या एका घरात दत्तक वाढलेल्या दिग्दर्शिकेने तो आठ वर्षे खपून केला होता. त्यात गोटमार आहे हे कळताच अमृताला कोण आनंद झाला होता. प्रबंधाच्या प्रस्तावनेत तिने ऐटीत लिहून ठेवले होते की, आपण कोण हा प्रश्न आमच्या घरात सात पिढ्यांत कुणाला पडलेला नाही, म्हणून मी या सिनेमांकडे अलिप्तपणे पाहू शकते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. फक्त हा वळसा चांगला हॅम्बुर्गपर्यंत गेला होता.

तिने चित्र पुढे सोडले. कॅमेऱ्यामागून ती बाई दुभाष्यामार्फत विचारत होती, तुम्ही कोणत्या बाजूचे? मास्तरांनी दगडाच्या हातानेच समोरचा काठ दाखवला.

“राहतो तिकडं,” ते म्हणाले. “जन्मलो इकडं. माझ्या आईच्या घरून इथं उभं राहायले कोणी नाही, म्हणून येतो.”

खाली जर्मन अक्षरे उमटली. मराठी ऐकून पुरेसे समजले नसावे तशी अमृताने तीही वाचून काढली. मग मास्तरांनी दगड फेकला. तो समोरच्या काठापर्यंत गेलाच नाही, पाण्यात पडला. दुसराही पाण्यातच.

तिची आजी, म्हणजे बाबांची आई, पांढुर्ण्यातल्या याच घरात वारली होती. मग ही आई कोणती? अमृताला राग आला, भीतीही वाटली. आई भाच्याच्या बारशाला सौंसरला गेली आहे हे आठवून जरा सुटल्यासारखे वाटले.

फाटक वाजले. मास्तर पिशवी घेऊन आत आले आणि पडद्यासमोर थबकले. लॅपटॉप मिटायला गेलेला तिचा हात तिथेच राहिला. त्यांनी पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसून पुन्हा लावला.

“निघाला वाटते तो पिच्चर,” ते म्हणाले.

खुर्ची ओढून ते बसले आणि तिने काही विचारायच्या आधीच सांगू लागले, वर्गात धडा सांगावा तसे, एकेक वाक्य सावकाश. आजीला मूल नव्हते. सावरगावातल्या एका घरात सहावे मूल झाले आणि त्याला पोसायची ऐपत नव्हती. बारशाआधीच ते बाळ नदी ओलांडून इकडे आले, आणि याची वाच्यता कधी करायची नाही अशी दोन्ही बायांनी देवीसमोर शपथ घेतली. आजीने मरताना ती मोडली. पण त्या दुसऱ्या बाईने शेवटपर्यंत पाळली. मास्तरही तिच्यापाशी एक शब्द बोलले नाहीत. तिची बाकीची मुले पोटापाण्यासाठी पांगली होती, म्हणून गोटमारीच्या दिवशी ते तिच्या काठावर जाऊन उभे राहत. ती ओट्यावरून पाहत असे.

“आईले माहीत आहे?”

“नाही.”

आईला नाही, आपल्याला नाही, आणि हॅम्बुर्गच्या कुण्या बाईला सगळे माहीत. अमृताच्या डोळ्यांत पाणी आले, ते रागाचे होते.

“आम्हाले नाही सांगितलं, अन् तिले सांगितलं? जर्मन पिच्चर पांढुर्ण्यात कोण पाहते, असं वाटलं का?”

“तेही होतं. तू तेव्हा बारावीत होती, फिजिक्स घेऊन बसायची. पण खरं सांगू का बेटा, तिनं विचारलं. मले तसं कधी कोणी विचारलंच नव्हतं.”

चार प्रकरणे भरून अमृताने पडद्यावरच्या माणसांना हाच प्रश्न विचारला होता. समोर बसलेल्या माणसाला विचारायला मात्र तिची जीभ रेटत नव्हती. शेवटी तिने एवढेच विचारले, कोण होती ती?

“केसरबाई.”

नाव ऐकू आले, पण पटायला वेळ लागला. टोपली घेऊन दारात सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकायला येणारी केसरबाई. मागच्या हिवाळ्यात ती वारली तेव्हा आईने दुसरी भाजीवाली लावली, एवढीच दखल या घरात घेतली गेली होती. आणि बाबांची तिच्याशी चालणारी घासाघीस तर गल्लीत प्रसिद्ध होती. हिरव्यागार सांबाराच्या एका जुडीसाठी हा पगारदार माणूस उंबऱ्यावर बसून हुज्जत घालत राहायचा. आई लाजेने आत निघून जायची आणि अमृता मैत्रिणींना बापाच्या चिक्कूपणाची नक्कल करून दाखवायची.

“बाबा, तुम्ही तर तिच्याशी भाव करत होते,” ती कशीबशी म्हणाली. “सांबाराच्या जुडीसाठी.”

मास्तरांनी उघड्या दाराकडे पाहिले.

“करत होतो,” ते म्हणाले. “तेवढा वेळ थांबायची ती.”